विश्लेषण : वांद्र्यातील मुलाची मातृभाषा कोणत्या रकान्यात?

मराठी की हिंदी, या वादात मुंबईतील स्थलांतरितांच्या मुलांविषयी बरेच बोलले जाते. त्यांच्या घरात जी भाषा बोलली जाते तिचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. अवधी, भोजपुरी, कोकणी अशा भाषा घेऊन शाळेत येणाऱ्या मुलांचे पुढे काय होते, कायदा काय सांगतो आणि त्यांच्या घरच्या भाषेला जागा दिली तर मराठीचे नुकसान होईल का, याविषयी…

वांद्र्यात किती भाषा?

वांद्रे टर्मिनसवरून सुटणारी अवध एक्स्प्रेस लखनऊ, गोंडा मार्गे गोरखपूरकडे जाते. या एकाच गाडीतील प्रवासी अवधीच्या पट्ट्यातून भोजपुरीच्या पट्ट्यात पोहोचतात. याच गाडीने मुंबईत आलेल्या कुटुंबांची मुले पूर्वेकडील वस्त्यांमध्ये वाढतात आणि आसपासच्या पालिका किंवा खासगी शाळांत जातात.

पश्चिमेकडे चित्र वेगळे आहे. रनवार, चुइम यांसारख्या गावठाणांत राहणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाची स्वतःची मराठी बोली आहे. हा समाज स्थलांतरित नाही, तो इथलाच आहे. त्याच्या शेजारी गोवा आणि मंगळूरहून आलेली कोकणी भाषक कुटुंबे कित्येक दशकांपासून राहतात. त्यात उर्दू, गुजराती, तमिळ, कन्नड बोलणाऱ्यांची भर. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. इतकी माध्यमे चालवणाऱ्या पालिका देशात फार नाहीत. तरीही अवधी, भोजपुरी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाची घरची भाषा या आठांत नाही.

‘हिंदी’च्या रकान्यात काय दडले आहे?

२०११च्या जनगणनेनुसार देशात हिंदी भाषकांची संख्या सुमारे ५२ कोटी ८३ लाख होती. मात्र त्यातील साधारण ३२ कोटी लोकांनीच आपली मातृभाषा ‘हिंदी’ अशी सांगितली होती. उरलेल्या सुमारे २० कोटी लोकांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही, अवधी अशी नावे दिली आणि ती सगळी हिंदीच्या एकाच गटात मोजली गेली. एकट्या भोजपुरीचे भाषक पाच कोटींहून अधिक होते. अवधी मातृभाषा असल्याचे जेमतेम ३८ लाख लोकांनी सांगितले.

अवधी बोलली जाणारा प्रदेश पाहता हा आकडा फारच लहान आहे. घरात अवधी बोलणारे अनेक जण मातृभाषा विचारल्यावर ‘हिंदी’ असेच सांगतात, हे त्याचे एक कारण. शाळेच्या प्रवेश अर्जावरही तेच होते. ज्या भाषेत तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ लिहिले, तिला तिचेच भाषक ‘देहाती’ म्हणतात आणि अर्जावर लिहिण्याजोगी समजत नाहीत. ओळखीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

घरची भाषा वेगळी असेल तर वर्गात काय होते?

एक साधे उदाहरण पाहू. अवधी किंवा भोजपुरी घरात धान्याच्या पिठाला ‘पिसान’ म्हणतात. हिंदीत तो ‘आटा’ होतो आणि मराठीत ‘पीठ’. पण या मुलाने ‘पीठ’ हा शब्द आधी ऐकलेला असतो तो शरीराच्या पाठीसाठी. आणि मराठीतील ‘पाठ’ त्याला हिंदीच्या पुस्तकातील धड्यासाठी माहीत असतो. पहिलीतले मूल हे ऐकून गोंधळले तर ते मंद नसते. त्याच्याकडे एका शब्दाला दोन अर्थ असतात, त्यातला कोणता कुठे चालतो एवढेच कुणी सांगितलेले नसते.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये एक महत्त्वाचा फरक मांडला. मैदानावर, दुकानात, मित्रांशी बोलण्यापुरती नवी भाषा मुले साधारण दोन वर्षांत उचलतात. पुस्तक समजण्यासाठी, गणितातील शाब्दिक उदाहरण सोडवण्यासाठी लागणारी भाषा पक्की व्हायला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. त्यामुळे मधल्या सुटीत फाडफाड मराठी बोलणारे मूल परिसर अभ्यासाच्या पेपरात अडते आणि शिक्षकांना ते आळशी वाटते. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे की, एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. गोष्टीचा क्रम लावणे, कारण सांगणे, तुलना करणे हे घरच्या भाषेत जमू लागले की ते शाळेच्या भाषेत पुन्हा शून्यापासून शिकावे लागत नाही.

मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९७०च्या दशकात याच विषयाची दुसरी बाजू दाखवली. नवी भाषा जुनीच्या जोडीला आली तर मुलाची भर होते. जुनी पुसून नवी आली तर वजाबाकी होते. शहरात वाढणाऱ्या बहुतेक स्थलांतरित मुलांच्या वाट्याला वजाबाकीच येते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेतील अनुच्छेद ३५०अ १९५६मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, अशी तरतूद आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवण्याची शिफारस आहे. ‘शक्य असेल तिथे’ ही पुस्ती तिथेही आहेच.

दुसरीकडे, महाराष्ट्राने २०२०मध्येच कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे केले. कायदा मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा कायदा योग्यच आहे. ज्या राज्यात राहायचे, तिथली भाषा न येणे हे मुलाच्याच तोट्याचे असते.

त्रिभाषा वादात ही मुले कुठे होती?

१६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोधानंतर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील, पण इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा शिकता येईल, अशी मुभा होती. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली.

या अडीच महिन्यांत हिंदीच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. पण ज्यांच्या नावाने हिंदीची बाजू मांडली जात होती, त्यांतल्या अनेक मुलांची घरची भाषा हिंदी नाहीच, हा मुद्दा मागेच राहिला. अवधी भाषक मुलासाठी पुस्तकी हिंदी हीसुद्धा शाळेत शिकावी लागणारी भाषा आहे. २० विद्यार्थ्यांची अटही त्याच्या उपयोगाची नव्हती, कारण ज्या भाषेचे नाव अर्जावर लिहिलेलेच नाही, तिचे २० विद्यार्थी मोजणार कोण?

भाषा गेली तर काय जाते?

याचे उत्तर वांद्रे पश्चिमेकडील कोकणी घरांत मिळते. अनेक कुटुंबांत आजी-आजोबा कोकणी बोलतात, आईवडिलांना ती समजते आणि नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. कोकणीला १९९२मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, ती गोव्याची राजभाषा आहे. तरीही वांद्र्यातील स्वयंपाकघरात ती टिकेलच असे नाही. आजीचे बोलणे नातवाला कळेनासे होते, तेव्हा घरातील एक माणूस हळूहळू गप्प होतो.

मराठी माणसाला हे दुःख परके नाही. अमेरिकेत १९८१मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अनेक शहरांत मराठी शाळा चालतात. सुटीच्या दिवशी पालकच स्वयंसेवक म्हणून शिकवतात. तिथल्या मुलाने आजीशी मराठीत बोलावे, ही इच्छा सगळ्यांना स्वाभाविक वाटते. गोंड्याहून वांद्र्यात आलेल्या आईची इच्छाही नेमकी तीच असते. फरक एवढाच की तिच्याकडे मंडळ नाही, सभागृह नाही आणि सुटीचा दिवसही नाही.

मराठीला धोका आहे का?

मराठी शाळांची पटसंख्या घटत असताना आणखी भाषांचे लाड कशाला, असा प्रश्न विचारला जातो. चिंता खरी आहे, पण त्या पटसंख्येला ओहोटी लागली ती अवधी किंवा कोकणीमुळे नव्हे. मराठी आणि अमराठी, दोन्ही घरांतील पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले, हे त्याचे मोठे कारण आहे. उलट, घरची भाषा सन्मानाने वापरणारे मूल मराठी अधिक भक्कमपणे शिकू शकते. ज्याला स्वतःच्या भाषेची लाज वाटायला शिकवले, ते मूल उद्या मराठीही सोडून देईल, कारण भाषेची किंमत बाजारावर ठरते एवढाच धडा त्याने घेतलेला असेल.

मग काय करता येईल?

एका वर्गात सहा घरभाषा असताना सहा माध्यमे चालवणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. सुरुवात प्रवेश अर्जापासून करता येईल. ‘मातृभाषा’ एवढाच रकाना न ठेवता ‘घरात आजी-आजोबांशी कोणत्या भाषेत बोलता?’ असे विचारले, तर उत्तर बदलेल. पहिली-दुसरीत मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिले तर ते चूक न मानता त्याचे मराठी रूप शेजारी लिहावे. फळ्यावर पिसान, आटा आणि पीठ एका ओळीत आले की धडा सगळ्यांचाच होतो. महिन्यातून एकदा एखाद्या आजीला गोष्ट सांगायला वर्गात बोलावण्यास पैसेही लागत नाहीत.

याहून मोठे काम देशात झालेले आहे. ओडिशाने २००६-०७पासून आदिवासी मुलांसाठी त्यांच्या भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ते २१ भाषांपर्यंत नेले. तिथे एकेका गावात एक भाषा प्रमुख असते, वांद्र्यात एका बाकावर तीन असतात. म्हणून तोच आराखडा इथे चालणार नाही. पण मुलाच्या भाषेचे नाव विचारायला आराखडा लागत नाही.

मराठी सक्तीची आहे आणि असावी. पण मराठी शिकवणाऱ्या शाळेने मुलाला आधी विचारावे, तू घरी काय बोलतोस? आणि त्याने ‘अवधी’ म्हटले तर रकान्यात ‘हिंदी’ लिहू नये.