आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग राउटर घ्या



पीएम-वाणीचा व्हिडिओ टाकल्यापासून बरेच जण दुकानातून वाय-फाय विकायच्या तयारीला लागलेत. चांगलंच आहे. पण बहुतेकांची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी राउटर घरी आणतात, मग तो कुठल्या कंपनीच्या सिस्टीमला जोडायचा हे शोधत बसतात. माझं मत स्पष्ट आहे: पीडीओए ठरल्याशिवाय राउटरवर एक रुपयाही घालू नका.

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. आपल्या जुन्या पीसीओसारखाच प्रकार. चहावाला, झेरॉक्सवाला, किराणावाला, कोणीही पब्लिक डेटा ऑफिस म्हणजे पीडीओ होऊ शकतो. त्याला ना लायसन्स, ना नोंदणी, ना फी. ग्राहकाची परवानगी तपासणं आणि पॅकचा हिशेब ठेवणं हे काम वरची कंपनी करते, ती पीडीओए. तिला मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. तुमचा राउटर तिच्या सॉफ्टवेअरशी बोलला तर धंदा, नाहीतर तुम्ही पनवेल स्टेशनबाहेर अन्नछत्र उघडलंत असं समजा.

आता हे ‘बोलणं’ म्हणजे काय? ग्राहक जोडला गेला की राउटरने त्याला पीडीओएच्या लॉगिन पानावर पाठवायला हवं. लॉगिनच्या आधीसुद्धा ॲपचे आणि पेमेंटचे ठरावीक पत्ते उघडू द्यायला हवेत, नाहीतर माणूस पैसे भरणार कसा? आणि कोणी किती वेळ, किती डेटा वापरला याचा हिशेब वर पाठवायला हवा. घरगुती राउटरमध्ये हे सहसा नसतं. गेस्ट नेटवर्क म्हणजे हे नव्हे. सेटिंगमध्ये ‘रेडियस’ शब्द दिसला म्हणूनही खूश होऊ नका. तो बऱ्याचदा फक्त पासवर्ड तपासण्यापुरता असतो, हिशेबाचा भाग त्यात नसतो.

“पण सर, ब्रँड तर तोच आहे!” ब्रँडवर जाऊ नका. टीपी-लिंकचंच घ्या. त्यांचं ओमाडा कंट्रोलर सॉफ्टवेअर ओमाडा मालिकेची उपकरणं सांभाळतं, घरगुती आर्चर राउटर त्यात जोडता येत नाही. युबिक्विटीचंही तसंच, एजराउटर युनिफाय कंट्रोलरमध्ये येत नाही. आणि मॉडेल तेच असलं तरी आतला माल वेगळा असू शकतो. टीएल-डब्ल्यूआर841एन हे मॉडेल बघा: 13व्या व्हर्जनला 8 एमबी फ्लॅश होती, 14व्याला परत 4 एमबी. एखाद्या कंपनीचं फर्मवेअर 13व्यावर बसत असेल तर ते 14व्यावर मावेलच असं नाही. म्हणून पीडीओएकडून नुसतं मॉडेलचं नाव घेऊ नका, हार्डवेअर व्हर्जनसकट लेखी घ्या, आणि दुकानात खोकं फिरवून खालचं लेबल वाचूनच पैसे द्या.

योग्य राउटर घेतला, नेट चालतंय, तरी डॅशबोर्डवर ‘ऑफलाइन’ दिसतंय? लगेच बदलायला धावू नका. सगळ्यात आधी घड्याळ बघा. साध्या राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो. पावसाळ्यात लाइट गेली आणि आली की तारीख थेट मागच्या एखाद्या वर्षावर जाते. तारीख चुकली की सुरक्षा सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि क्लाउडशी जोडणी होत नाही. नेटवरून वेळ घेण्याची सेटिंग चालू आहे ना, ते तपासा. दुसरं कारण आयपीची टक्कर. केबलवाल्याचा फायबरचा डबा 192.168.1.1 वर आणि तुमचा राउटरही त्याच पत्त्यावर! तुमचा पत्ता 192.168.10.1 करा, बहुतेक वेळा काम होतं. मग मॅक ॲड्रेस. लेबलवर एक असतो, इंटरनेटच्या पोर्टचा कधीकधी एका अंकाने वेगळा असतो. पीडीओएने कोणता नोंदवलाय ते विचारा. आणि मनाने फर्मवेअर अपडेट करू नका, त्यांनी घातलेलं उडून जाईल.

लाइनचंही बोलतो. घरचा प्लॅन परस्पर विकू नका, पीडीओसाठीची जोडणी मागा. ट्रायने जून 2025 मध्ये आदेश काढलाय की 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. तुमच्याकडे त्याहून जास्त मागत असतील तर हा आदेश दाखवा.

पीडीओएशी बोलताना एक प्रश्न हमखास राहून जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महागाचा आहे: उद्या मी तुम्हाला सोडलं तर राउटर मोकळा करून द्याल का? त्यांचं फर्मवेअर आणि ॲडमिन पासवर्ड त्यांच्याकडे असेल, तर पैसे तुमचे आणि डबा त्यांचा. दुसरीकडे जायचं तर पुन्हा नवीन खरेदी. काहीजण मूळ फर्मवेअर परत घालून देतात, काहीजण विषय टाळतात. टाळणाऱ्याकडून राउटर विकत घेऊ नका. भाड्याने देतो म्हणाला तर विचार करा, तेही डिपॉझिट किती आणि परत कधी मिळणार हे कागदावर आल्यावरच.