रस्त्याचं फर्निचर

रस्त्यालाही फर्निचर असतं. बाक, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे, झाडांभोवतीचे कट्टे, स्कूटरी अडवायला रोवलेले खुंट या सगळ्या गोतावळ्याला इंजिनियर मंडळी 'स्ट्रीट फर्निचर' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. दोन खोल्यांच्या घरात सोफासेट आला की घरातल्या माणसांना जसं खेकड्यासारखं तिरकं चालावं लागतं, तसंच आमच्या फूटपाथवरही लागतं. फरक एवढाच, की सोफ्याच्या पाठीवर 'यांच्या विकासनिधीतून' असं लिहिलेलं नसतं.

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फूटपाथ सुंदर करणं ताबडतोब थांबवा. आम्हाला सहा फुटांची एक सपाट, रिकामी पट्टी द्या. सौंदर्याचं आमचं आम्ही बघून घेऊ.

हे सहा फूट माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था १९३४ पासून रस्ते कसे असावेत ते लिहून ठेवते आहे. (नावात काँग्रेस असूनही हिच्यात फूट पडल्याचं ऐकिवात नाही.) पादचाऱ्यांसाठी तिनं १९८८ साली एक पुस्तिका काढली आणि २०१२ साली ती सुधारली. तीत म्हटलंय, की चालायची मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर रुंद हवी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतील. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबता कामा नये. कडेचा दगड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आणि खांब, बाक, झाडं, डबे यांनी रस्त्याच्या बाजूला वेगळ्या पट्टीत गुण्यागोविंदानं राहावं. इतकं शहाणं पुस्तक मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी लोखंडी टेप घेऊन आमच्या रस्त्यावर उतरलो. पहिल्या खांबापाशी वाकलो मात्र, समोरच्या किराणावाल्यानं तेलाचे डबे आत घेतले. पुढच्यानं पाटी उचलली. तिसरा चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, रुंदीकरण का?" मी काहीच बोललो नाही. दहा मिनिटांत आमचा फूटपाथ इतका मोकळा झाला, की गेल्या कित्येक वर्षांत तसा कुणी पाहिला नसेल. माणसाच्या हातातल्या साध्या टेपमध्ये एवढी ताकद आहे! ज्यांचं मोजायचं काम आहे त्यांनी ती एकदा हातात धरून बघावी.

दुकानदार हलले, फर्निचर कुठलं हलायला? विजेच्या पेटीपाशी चालायला चाळीस सेंटिमीटर उरले होते. बाकापाशी टेप लावायचीच सोय नव्हती. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. बसणाऱ्यानं काय पाहावं अशी अपेक्षा होती कोण जाणे! बाकांशी माझं वैर नाही. म्हाताऱ्या माणसाला चार पावलांवर टेकायला जागा हवीच. पण ती झाडाच्या सावलीत, त्या वेगळ्या पट्टीत असू द्या की.

कडेच्या दगडाची कथा तर कादंबरीएवढी आहे. स्कूटरी फूटपाथवर चढतात म्हणून दगड उंच केला. मग स्कूटरी बंगल्यांच्या फाटकापाशी जो उतार असतो तिथून चढू लागल्या. म्हणून तिथे खुंट रोवले. दोन खुंटांमधून स्कूटर सुळकन जाते, चाकाची खुर्ची अडकते. आता स्कूटरी वर चालतात आणि माणसं खाली. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचं वाचनालय घरापासून तीनशे पावलांवर आहे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याच वयाचे. तीनशे पावलांसाठी रिक्षावाला येत नाही. "फूटपाथ चढायचा म्हणजे जेजुरी रे," त्या म्हणतात, "आणि जेजुरीही आता झेपत नाही." पुस्तकं आता मी आणून देतो. पण वाचनालयात त्या केवळ पुस्तकांसाठी जात नव्हत्या, आणि ते मला आणून देता येत नाही.

पेव्हर ब्लॉक म्हणून जो प्रकार आहे तो वाळूच्या थरावर बसतो. खालचा थर नीट दाबला आणि कडा घट्ट बांधल्या तर तो वर्षानुवर्षं हलत नाही. घाईनं बसवला तर पावसाळ्यात पाय पडताच खालून पिचकारी उडते, तीही नेमकी धुतलेल्या लेंग्यावर.

पिवळ्या खडबडीत फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. सेइइची मियाके या जपानी गृहस्थानं १९६५ साली दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. किती साधी आणि किती मायेची भाषा! आमच्याकडे फरशी बसवणाऱ्याला तो नऊवारीचा काठ वाटला असावा. रेघ ऐटीत निघते आणि थेट गुलमोहराच्या बुंध्यात शिरते. डोळसाला हसू येतं. ज्याच्यासाठी ती घातली त्याचं कपाळ फुटतं.

"एवढी जागा आणायची कुठून?" हा हमखास प्रश्न. मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद असते. म्हणजे रस्त्याकडेला मोटारींची एक ओळ उभी राहिली, की बरोबर एक फूटपाथ बुडाला. जागा आहे, फक्त ती बसलेल्यांच्या वाहनांना दिली आहे, चालणाऱ्यांना नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं, की पादचाऱ्यांना पदपथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आमच्या रस्त्यावर मात्र चालायचं की जगायचं, यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर 'सुशोभीकरण' अशी पाटी लागली आणि ब्लॉकचा ट्रक उतरला. मी लगबगीनं गेलो आणि देखरेख करणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "पुस्तक आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की!" ते म्हणाले, आणि काखेतून रंगीत फरश्यांचा कॅटलॉग काढून माझ्यापुढे धरला. "बोला काका, लाल की करडा?"