भाडे थकवून भाडेकरू निघाला? कुलूप नको, हिशोब लिहून घ्या

एकलहरे औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांच्या आधाराने जगणारे कंत्राटी कामगार परिसरात खोल्या भाड्याने घेतात आणि काम संपले की गाव सोडतात. कधी ठेकेदाराने पगार लांबवलेला असतो आणि दोन-तीन महिन्यांचे भाडे राहिलेले असते. दुसरीकडे, त्याच भाड्यावर औषधपाणी भागवणारा घरमालक असतो. सामानाचा टेम्पो दारात लागला की वाद पेटतो.

सामान अडवता येते का?

नाही. भाडेकरूची वाट अडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ नुसार गुन्हा ठरू शकतो. टीव्ही, गॅस सिलिंडर ठेवून घेतल्यास उलट मालकावरच तक्रार होण्याची शक्यता असते. पोलिसही भाडे वसूल करून देत नाहीत. केवळ भाडे न देणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, त्यासाठी दिवाणी मार्ग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले.

मग त्या दिवशी काय करावे?

- थकलेले महिने, वीजबिल आणि खोलीचे नुकसान यांचा हिशोब कागदावर मांडावा. त्यातून अनामत रक्कम वजा करावी.
- उरलेली रक्कम मान्य असल्याची भाडेकरूची सही व तारीख घ्यावी. हप्ते ठरल्यास तेही लिहावेत.
- वीजमीटरच्या आकड्याचा आणि खोलीचा फोटो काढावा.
- भाडेकरूच्या मूळ गावाचा पत्ता घ्यावा.

या सहीला मोल आहे. थकीत भाड्याच्या दाव्याची मुदत ते देय झाल्यापासून तीन वर्षे असते. त्या मुदतीत लेखी कबुली मिळाली, तर कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

पैसे आलेच नाहीत तर?

आधी पोचपावतीसह नोटीस पाठवावी. नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. तेथील तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तडजोड न झाल्यास दिवाणी दावा हा मार्ग उरतो.

करार तोंडी असेल तर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मात्र हा कायदा ठरावीक क्षेत्रांनाच लागू असल्याने ग्रामपंचायत हद्दीतील मालकाने आपले गाव त्यात येते का, हे आधी तपासावे.

भाडेकरूनेही गुपचूप निघून जाण्यात शहाणपण नाही. हप्ते मागितले तर बहुतेक मालक ऐकतात. दोन महिन्यांच्या भाड्यासाठी कोर्टाची पायरी दोघांनाही परवडत नाही. निघतानाचा एक सही केलेला कागद ती वेळ टाळू शकतो.