कार्यशाळेंतील लेथ व विद्यार्थ्यांचा जीव

ज्या देशाच्या तरुणांस स्वतःच्या हातांनीं लोखंड कातितां येत नाहीं, त्या देशानें स्वदेशीच्या गोष्टी सांगूं नयेत, असें आमचें मत आहे. परंतु मुलांस यंत्रासमोर उभें करणाऱ्या संस्थेचें कर्तव्य भिंतीवर नियमांचा तक्ता टांगून संपतें काय?

अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एप्रिल २०११ मध्यें जें घडलें तें डोळ्यांत अंजन घालणारें आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तळघरांतील कार्यशाळेंत रात्रीं एकटीच लेथवर काम करीत होती. फिरत्या यंत्रांत तिचे केस गुंतले व ती गतप्राण झाली. यंत्र बंद करावयास जवळ दुसरें माणूस नव्हतें. तेथील मध्यवर्ती सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्यास चौकशींत आढळलें कीं, लेथ १९६२ सालचा, फिरत्या भागांवर आवश्यक तें आच्छादन नाहीं, तत्काळ थांबविण्याची कळ नाहीं. विद्यापीठास हे निष्कर्ष मान्य नव्हते. दंड मात्र झालाच नाहीं. कारण विद्यार्थी हा नोकर नव्हे, सबब नोकरांच्या रक्षणाचा कायदा त्यास लागू नाहीं! कायद्याचा अक्षरार्थ आम्हांसही समजतो. पण पगार घेणाऱ्याचा हात मोलाचा आणि फी भरणाऱ्याचा फुकटचा, हा न्याय कोणत्या बापास पटेल?

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानें अल्पवयी कामगारांविषयीं असा दंडक घातला होता कीं, ठरवून दिलेल्या धोक्याच्या यंत्रावर त्यांस धोका पूर्णपणें समजावून दिल्यावांचून, आणि पुरेसें शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख असल्यावांचून, काम करूं देऊं नये. आमच्या शिक्षणसंस्थांनीं हाच दंडक आपण होऊन स्वतःस लावून घ्यावा.

लेथ एकदां धरलेलें सोडीत नाहीं. सैल बाही, ओढणी, गळ्यांतील माळ, मोकळे केस, कांहींही त्यास पुरतें. हातमोजा हातास जपतो ही समजूत तर येथें घातकच. मोज्यामागोमाग हात आंत जातो. चकची चावी चकमध्येंच विसरून बटण दाबलें तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून चावी बाहेर काढल्यावांचून तिच्यावरचा हात काढूं नये. कीस काढणें तो ब्रशानें किंवा आंकड्यानें, माप घेणें तें यंत्र थांबवून, आणि चष्म्यावांचून कांहींच नाहीं. फिरत्या जॉबभोंवतीं बोटांनीं काचकागद गुंडाळून झिलई देण्याची खोड जुन्या कारागिरांतही असते, आणि मुलें ती त्यांच्याकडूनच उचलतात.

हें सर्व तक्त्यावर लिहितां येईल. पण परीक्षेच्या घाईंत रात्रीं दहा वाजतां तक्ता वाचतो कोण? तेथें जाणता माणूसच पाहिजे. मुख्य स्विचची किल्ली शिक्षकाजवळ असावी, आणि एकट्यास लेथ सुरू करूं देऊं नये. ह्यास पैसा लागतो, हें खरें. आमची व्यापारी मंडळी यंत्र देणगी देतांना त्यावर आपलें नांव कोरलें कीं नाहीं तें हौसेनें पाहतात. त्यांनीं आच्छादनाची व देखरेख करणाऱ्याच्या पगाराचीही तितक्याच हौसेनें चौकशी करावी. पालकांनींही येत्या जूनमध्यें मुलाचें नांव घालण्यापूर्वीं कार्यशाळेंत जावें, यंत्र थांबविण्याची कळ कोठें आहे तें विचारावें, आणि ती दाबली असतां यंत्र खरोखरच थांबतें काय, तें समक्ष पाहावें.