सैन्यातील समलिंगी व्यक्ती : आक्षेप वर्तनाला की माणसाला?

दोन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. चार महिन्यांनी, १० जानेवारी २०१९ रोजी, सेनादिनापूर्वीच्या पत्रकार परिषदेत तत्कालीन लष्करप्रमुख दिवंगत जनरल बिपिन रावत यांना त्याविषयी विचारण्यात आले. सेना कायद्याहून मोठी नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ती परंपरानिष्ठ आहे, वर्दीतील माणसाला नागरिकांचे सर्वच हक्क नसतात आणि सैन्यात हा प्रकार चालू दिला जाणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. आपल्यापैकी अनेक भाविकांना ही भूमिका योग्य वाटली असेल. ख्रिस्तसभेची शिकवणही हीच, असेही काहींना वाटते. म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या शहराला हा विषय परका नाही. शहरालगत छावणी आहे. येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून महाराष्ट्रातील मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करीत आली आहे. (आपला धर्मप्रांतही त्याच वर्षी स्थापन झाला.) मुलगा वर्दीचे स्वप्न पाहू लागतो ते सोळा-सतराव्या वर्षी, आणि आपण इतरांहून वेगळे आहोत, हे एखाद्याला उमगते तेही बहुधा त्याच वयात. असा मुलगा आपल्याही धर्मग्रामात असू शकतो.

प्रथम कायदा पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांना संसद मर्यादा घालू शकते. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य वा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०१८ च्या निकालाने या कलमाला हात लावला नाही. परंतु कलमाचा शब्द ‘वर्तन’ हा आहे. कोणाचा कल कोणाकडे आहे, याविषयी ते काही म्हणत नाही. व्यभिचाराचे उदाहरण बोलके आहे. तो फौजदारी गुन्हा न राहिल्यावरही सैन्यात त्यावर कारवाई होऊ शकते, असे न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तो नियम कृतीविषयी आहे आणि सर्वांना सारखा आहे.

शिस्तीचा आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. बराकीत एकत्र राहणे, वरिष्ठाच्या शब्दावर जीव धोक्यात घालणे, हे नागरी नोकरीसारखे नव्हे. वरिष्ठाने हाताखालच्या जवानाचा गैरफायदा घेतला तर त्याला कठोर शिक्षा व्हावीच. मग पीडित स्त्री असो वा पुरुष. पण ग्रामीण भागातून आलेले जवान स्वीकारणार नाहीत, हा युक्तिवाद महिला अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाविरुद्धही झाला होता. न्यायालयाने तो १७ फेब्रुवारी २०२० रोजी फेटाळला. पुढे २०२२ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये ती दीक्षान्त संचलनासह बाहेर पडली.

आता ख्रिस्तसभेविषयी. परंपरावादी मंडळींकडे एक भक्कम आधार आहे, आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने १९९२ साली प्रसृत केलेल्या टिपणात, सैन्यभरतीसारख्या काही बाबतींत लैंगिक कलाचा विचार करणे हा अन्याय्य भेदभाव नव्हे, असे म्हटले होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या लष्करी महाधर्मप्रांताचे आर्चबिशप टिमोथी ब्रॉग्लिओ यांनी तेथील बंदी उठविण्यास विरोध केला, तेव्हा सैन्यातील धर्मगुरूंच्या सदसद्विवेकाचे काय, ही त्यांची एक चिंता होती. बंदी २० सप्टेंबर २०११ रोजी उठली. त्यानंतर, श्रद्धेविरुद्ध विधी करण्याची सक्ती धर्मगुरूंवर होऊ नये, अशी तरतूद तेथील कायद्यात करण्यात आली. चिंता रास्त होती. तिच्यावर उपायही निघाला.

त्याच १९९२ साली प्रमाणित झालेला धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी कृत्ये नीतिबाह्य ठरवतो, आणि त्याच प्रकरणात अशा व्यक्तींचा आदराने व सहृदयतेने स्वीकार करावा, त्यांच्याबाबत कोणताही अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही बजावतो. शुद्धतेचे पाचारण त्यांना आहे, जसे ते आपणा सर्वांना आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनही अशा व्यक्तींना गुन्हेगार मानण्यास नकार दिला होता. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये हेच जगापुढे मांडले. १९९२ चे टिपण कलाचा विचार करण्यास मुभा देते, दार बंद करण्याची आज्ञा देत नाही, असे आमचे वाचन आहे. निष्ठेने सेवा करणाऱ्याला केवळ तो कोण आहे एवढ्यावरून बाहेर काढणे न्याय्य आहे, हे ज्याला म्हणायचे आहे, त्याने ते सिद्ध करावे.

चित्रपट दिग्दर्शक ओनीर यांच्या अशाच विषयावरील पटकथेला संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये ना-हरकत नाकारली. ती कथा ज्या माजी मेजरवरून सुचली, ते स्वतःविषयी जाहीरपणे बोलले ते वर्दी उतरविल्यानंतर, २०२० मध्ये. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही नेमलेले असतात. एखादा ख्रिस्ती जवान त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी गेला, तर तेथील शब्द गुपितच राहतो. कबुलीगृहाबाहेर मात्र तो तेच वाक्य आज कोणाजवळही निर्धास्तपणे उच्चारू शकत नाही.