बाप्तिस्मा १८८३, तारण १८९१

संपादक महोदय,

बाप्तिस्मा झाला की ख्रिस्ती माणसाचे तारण झाले, आणि पंडिता रमाबाईंनी आश्रयापोटी धर्म बदलला, ही गेल्या अंकातील लेखाची दोन्ही विधाने चुकीची आहेत.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्या तिथल्या मठातील भगिनींशी पत्रांतून नेटाने भांडत राहिल्या. आश्रित बाई असे भांडत नाही.

धर्म पत्करला तरी ख्रिस्त स्वतःला भेटला नव्हता, हे त्यांनीच १९०७ च्या साक्षीत लिहून ठेवले आहे. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र वाचून त्या हादरल्या: हा गृहस्थ पाद्री होता, आणि त्याचा मनःपालट झाला तो स्वतःचेच प्रवचन चालू असताना! मग १८९१ च्या सुमारास, आपण पापी आहोत आणि क्षमा कमवायची नसून ती फुकट मिळते, हे रमाबाईंना उमगले. नवा जन्म तो हा.

धर्मांतरात पतीमागे पत्नी ओढली जाते, हा नेहमीचा समजही सरसकट खरा नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो स्वतः विचार करून १९०० मध्ये घेतला.

लेखातून गळलेली रमाबाईंची आठ वर्षे पुढील अंकात छापावीत. कळावे.

— एक वाचक, पुणे