ओळख आणि आसरा : जालना जिल्ह्यातील बेघरांविषयी नागरिकांस आवाहन

मराठीत ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ माणसामाणसांतील परिचयाचा, तर दुसरा सरकारदरबारी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या पुराव्याचा, ज्याला ओळखपत्र म्हटले जाते. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाकडे दुसरी ओळख नसते, कारण त्याला पहिली ओळख देणारे कोणी उरलेले नसते. ‘हा अमक्या गावचा, याला मी ओळखतो’ असे सांगणारा एक जरी माणूस उभा राहिला, तरी शिधापत्रिकेपासून रुग्णालयातील खाटेपर्यंतची अनेक बंद दारे उघडू लागतात. बेघरांविषयीची करुणा ओळख देण्यापासून सुरू झाली पाहिजे आणि हक्काच्या आसऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे, तिने ब्लँकेटाच्या वाटपावर थांबू नये, हे या पत्रकाचे प्रतिपादन आहे.

बेघर कोणास म्हणावे

घरकुल योजनांच्या अर्जात ‘बेघर’ हा शब्द स्वतःच्या मालकीचे घर नसलेल्या कुटुंबासाठी येतो. येथे मात्र तो जनगणनेच्या अर्थाने घेतला आहे. जनगणनेनुसार जे लोक कोणत्याही इमारतीत राहत नाहीत, तर उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांमध्ये, देवळांच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर रात्र काढतात, ते बेघर होत. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख, तर महाराष्ट्रात २.१ लाख माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. पोट भरण्यासाठी सतत जागा बदलणारी माणसे एका रात्रीत कितपत सापडली असतील, याचा विचार केला म्हणजे हा आकडा कमाल न समजता किमानच समजावा लागतो.

जालना जिल्ह्यात बेघरपणाच्या वाटा अनेक आहेत. पावसाच्या भरवशावर असलेली कापूस-सोयाबीनची शेती साथ देत नाही, तेव्हा माणसे शहराकडे सरकतात. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला आहे. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची, वाकून आत शिरावे लागणारी खोपटी. तिला घर म्हणता येत नाही, आणि मागे गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांच्या घरालाही त्या काळात घरपण राहत नाही. यांच्याखेरीज पालांत राहणारी भटक्या-विमुक्त जमातींची कुटुंबे आहेत, मजुरीसाठी आलेले आणि भाड्याची खोली न परवडणारे कामगार आहेत, मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रिया आहेत, मुलांनी टाकलेले वृद्ध आहेत आणि मनोविकारामुळे स्वतःचे नावगावही सांगता न येणारे रुग्ण आहेत. या साऱ्यांना ‘भिकारी’ या एका शब्दात कोंबणे हा अज्ञानाचा प्रकार आहे आणि त्याची शिक्षा मात्र त्यांना भोगावी लागते.

उशाखालचे बोचके

फलाटावर किंवा बसस्थानकाच्या शेडखाली झोपलेल्या वृद्धाच्या डोक्याखाली बहुधा एक बोचके असते. त्याच्या गाठीत एखादी जुनी शाल, एक पेला, औषधाची अर्धी पट्टी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेले कागद असतात : रुग्णालयाचा केसपेपर, आधारची विटलेली प्रत, कोणाचा तरी फोन नंबर लिहिलेला चिटोरा. ते बोचके हेच त्या माणसाचे कपाट, तिजोरी आणि पत्ता असते. अतिक्रमण हटवताना किंवा साफसफाई करताना ते कचऱ्याच्या गाडीत फेकले गेले, तर नागरी जीवनाशी त्याला जोडणारा शेवटचा धागा तुटतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक कार्यालयात ‘कागद आणा’ हे एकच उत्तर त्याला ऐकावे लागते. म्हणून बेघराच्या बोचक्याला हात न लावणे, ही करुणेची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे.

भिक्षेचा जिल्हा आणि भिकेचा कायदा

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षानिरूपणाचा स्वतंत्र समास आहे आणि भिक्षेच्या निमित्ताने घराघरांतील माणसे पारखावीत, असा उपदेश त्या ग्रंथात आढळतो. म्हणजे भिक्षा हे या परंपरेत माणसांची ओळख करून घेण्याचे साधन होते. याउलट १९५९ च्या भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने, जो मुंबई राज्यात झाला आणि महाराष्ट्रात आजही लागू आहे, निर्वाहाचे साधन दिसत नसताना भीक मागून जगत असावे अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणे हेसुद्धा भीक मागण्याच्या व्याख्येत घातले. असा माणूस वॉरंटावाचून पकडला जाऊ शकतो आणि त्याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबता येते. हाच कायदा दिल्लीला लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या त्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जे दारिद्र्य राज्यसंस्थेला दूर करता आले नाही, त्याबद्दल दरिद्री माणसाला कोठडी देणे न्यायाचे नाही, ही गोष्ट महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही मान्य करावी, अशी मागणी जिल्ह्यातील प्रत्येक लोकप्रतिनिधीकडे झाली पाहिजे.

निवारा ही मेहरबानी नाही

सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या संदर्भात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आखली. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० माणसांसाठी एक कायमचा, वर्षभर चोवीस तास खुला निवारा, आणि त्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा, असा निकष तिने घालून दिला. २०११ मध्ये जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती आणि २०२३ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. म्हणजे जुन्या आकड्याने मोजले तरी शहर दोन पूर्ण निवारे देणे लागते आणि तिसऱ्याची गरज उघड आहे. हे निवारे कोठे आहेत, त्यांत किती खाटा आहेत, स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे काय आणि रेल्वेस्थानकावर व बसस्थानकावर त्यांचा पत्ता ठळक लिहिला आहे काय, हे प्रश्न महानगरपालिकेला जाहीरपणे विचारणे हे नागरिकांचे काम आहे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात केलेल्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

खराटा घेतला, धर्मशाळा राहिली

महाराष्ट्राने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानाला संत गाडगेबाबांचे नाव दिले आणि गावोगावी खराटे हाती घेतले गेले. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) खराट्याइतक्याच निष्ठेने दुसरे एक काम केले होते. कीर्तनातून उभ्या राहिलेल्या लोकवर्गणीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र झोपडीत राहिले. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आश्रय देते. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी सांगणाऱ्या त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा देण्याचेही सूत्र आहे. त्यांच्या नावाने रस्ते झाडताना रस्त्यावरची माणसेच केराबरोबर लोटली जात असतील, तर त्या नावाचा अर्धा वारसा गमावला गेला, असेच म्हणावे लागेल.

नेहमीचे आक्षेप

‘ही माणसे निवाऱ्यात जायला तयारच नसतात,’ हा पहिला आक्षेप. जेथे नवरा-बायकोला वेगळे केले जाते, बोचके ठेवायला कुलूपबंद जागा नसते आणि पहाटेच बाहेर काढले जाते, तेथे कोणताही शहाणा माणूस जाणार नाही. आक्षेप निवाऱ्याच्या कारभारावर आहे, बेघरांवर नाही. ‘हे बाहेरचे लोक आहेत,’ हा दुसरा आक्षेप. पोलाद, बियाणे आणि मोसंबी ही ज्या शहराची ओळख आहे, त्याच्या रोलिंग मिलमध्ये, मोंढ्यात आणि बांधकामांवर बाहेरून आलेले हात राबतात. श्रम घेताना जो परका नव्हता, तो झोपताना परका ठरवता येत नाही. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात याच जिल्ह्याची हजारो माणसे दुसऱ्या जिल्ह्यांत ‘बाहेरची’ असतात. ‘दिलेले पैसे व्यसनात जातात,’ हा तिसरा आक्षेप काही वेळा खरा असेलही. पण व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार करावे लागतात.

नागरिकांनी काय करावे

१. प्रत्येक वॉर्डात पाच-सात जणांचा गट तयार करावा आणि आठवड्यातून ठरलेल्या एका रात्री त्याच माणसांनी त्याच ठिकाणी जावे. नाव विचारावे, आपले सांगावे, गाव आणि आजार यांची चौकशी करावी आणि फोटो काढू नये. मदत घेतानाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे दिलेल्या ब्लँकेटाची किंमत वसूल करणे होय.

२. मतदार नोंदणीसाठी गटाने सोबत करावी. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर व्यक्तीने अर्जात दिलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री जाऊन ती तेथे खरोखर झोपते, याची खात्री करतो आणि तशी खात्री पटल्यास निवासाचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. झोपण्याची जागा हाच पत्ता, हे देशाच्या निवडणूक यंत्रणेने मानले आहे.

३. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचे अर्ज तहसील कार्यालयात भरून द्यावेत. टाकलेल्या वृद्धांच्या बाबतीत २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे निर्वाहासाठी दाद मागता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ या मदतवाहिन्या आहेत.

४. मनोरुग्ण दिसल्यास त्याला हुसकावू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा निराधार व्यक्तीला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर असल्यामुळे येथील रुग्णासाठी पाठपुरावा करणारा माणूस विशेष मोलाचा ठरतो. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम उभे केले आणि त्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जो हरवला असे वाटते, तो घरी परतू शकतो, याचे ते भक्कम उदाहरण आहे.

५. मंगल कार्यालये, मंदिरे, मशिदी, विहार, गुरुद्वारे आणि शाळांच्या विश्वस्तांनी कडाक्याच्या थंडीत आणि मुसळधार पावसात एक सभागृह रात्रीपुरते उघडावे, उन्हाळ्यात पाणपोई व सावली द्यावी, आणि स्वच्छतागृह वर्षभर खुले ठेवावे.

आगामी जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरला आहे. त्या मोजणीत जालना जिल्ह्यातील एकही बेघर माणूस सुटू नये, यासाठी वॉर्डावॉर्डांत नावानिशी याद्या तयार असणे आणि प्रगणकाला त्या-त्या पुलाखाली, त्या-त्या फलाटावर घेऊन जाणारा स्थानिक माणूस सोबत असणे, हे या पत्रकाचे तातडीचे आवाहन आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या शहराने अभिमानाने मिरवली आहे. पाळणा हा ज्याला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही त्याच्यासाठीच असतो आणि तो हलवायला दोरीला कोणाचा तरी हात लागतो. तो हात जालनेकरांचा असावा, आणि त्याचा आरंभ आज रात्री एका माणसाला त्याचे नाव विचारून व्हावा.